माशाचं रक्त उपाशीपोटी घ्यायचं, म्हणजे नेमकं कसं?

मत्स्य महाविद्यालयातला प्रयोग असो की शेततळ्यावर आलेल्या रोगाची तपासणी, माशाच्या रक्ताचा अहवाल हाती आला की नजर थेट आकड्यांवर जाते. ग्लुकोज किती, ट्रायग्लिसराइड किती, एकूण प्रथिनं किती? त्या आकड्यांशेजारी असायला हवी अशी एक नोंद मात्र अनेकदा कुणी केलेलीच नसते: या माशाने शेवटचं कधी खाल्लं होतं? ती नोंद नसेल, तर वाढलेलं ग्लुकोज ताणामुळे, रोगामुळे, प्रयोगातल्या खाद्यामुळे की सकाळी टाकलेल्या कोंडा-पेंडीमुळे, हे नंतर कुणालाच सांगता येत नाही.

'सकाळी उपाशीपोटी या' असं पॅथॉलॉजी लॅबवाले आपल्याला सांगतात. आठ ते बारा तासांचा तो नियम अंगवळणी पडलेला असल्यामुळे तोच माशालाही लावला जातो. पण माणसाचं शरीर ३७ अंश सेल्सिअसच्या आसपास स्थिर असतं आणि सगळ्या माणसांची पचनसंस्था एकाच घडणीची असते. माशाचं शरीर पाण्याइतकंच गरम किंवा थंड असतं. रोहूला जठरच नसतं, तिलापियाला असतं. ट्राउटचं आतडं आखूड, तर रोहूचं शरीराच्या लांबीच्या कितीतरी पट असतं. म्हणून माशाच्या बाबतीत तासांचा एकच आकडा सांगून भागत नाही. तुलना करायच्या सगळ्या माशांची पचनमार्गाची अवस्था सारखी असणं म्हणजे उपवास. तास हे ती अवस्था गाठायचं साधन आहे. ही एक गोष्ट पक्की धरली की बाकीचे निर्णय सोपे होतात.

खाल्ल्यावर रक्तात काय बदलतं?

सगळ्यात आधी हलतं ते ग्लुकोज. कार्प जातीचे मासे पिष्टमय खाद्य बऱ्यापैकी पचवतात. खाल्ल्यानंतर त्यांचं ग्लुकोज चढतं आणि काही तासांत उतरायला लागतं. मांसभक्षी माशांचं तसं नाही. इंद्रधनुषी ट्राउटला पिष्टमय पदार्थ जास्त असलेलं खाद्य दिलं, तर वाढलेलं ग्लुकोज जवळजवळ दिवसभर खाली येत नाही. म्हणजे काश्मीर किंवा हिमाचलमधल्या ट्राउट केंद्रावर सकाळी खाद्य देऊन दुपारी रक्त घेतलं, तर मिळालेला आकडा प्रामुख्याने त्या खाद्याचा असतो.

चरबी त्याहून सावकाश पचते. तेलयुक्त खाद्य खाल्ल्यावर ट्रायग्लिसराइड ग्लुकोजच्या मागून चढतं आणि मागूनच उतरतं. त्यामुळे 'ग्लुकोज उतरलं, आता रक्त घ्यायला हरकत नाही' हा हिशोब ट्रायग्लिसराइडला लागू पडत नाही. दोन्ही मोजायचे असतील तर उपवासाची वेळ सावकाश उतरणाऱ्या घटकाप्रमाणे ठरवावी.

प्रथिनांचं पचन झालं की रक्तात अमिनो आम्लं वाढतात आणि त्यापाठोपाठ अमोनिया. आपल्या गोड्या पाण्यातले बहुतेक मासे नत्राचा बराचसा टाकाऊ भाग कल्ल्यांवाटे अमोनियाच्याच रूपात बाहेर टाकतात. खाल्ल्यानंतर काही तासांनी हे उत्सर्जन शिगेला पोहोचतं, त्यामुळे त्या वेळी रक्तातला अमोनियाही जास्त असतो आणि टाकीच्या पाण्यातलाही. अमोनियाच्या विषबाधेचा संशय असलेल्या तळ्यातून खाद्य दिल्यावर चार-सहा तासांनी नमुने घेतले, तर संशय खरा होता की नव्हता, हे त्या नमुन्यांवरून ठरवता येत नाही.

जठर असलेल्या माशांत आणखी एक बदल होतो. जठरात आम्ल तयार होताना रक्तात बायकार्बोनेट जमा होतं आणि रक्ताचा सामू वर सरकतो. २००८ मध्ये बकिंग आणि वूड यांनी गोड्या पाण्यातल्या इंद्रधनुषी ट्राउटमध्ये खाल्ल्यानंतरची ही अल्कधर्मी लाट दाखवून दिली. रोहू, कटला, मृगळ आणि सायप्रिनस यांना जठर नसल्यामुळे त्यांच्यात ही लाट येण्याचं कारण नाही. तिलापिया, मागूर, पंगासियस यांच्या बाबतीत ती ध्यानात ठेवावी. रक्तातले वायू, सामू किंवा बायकार्बोनेट मोजणाऱ्याने जठर असलेल्या आणि नसलेल्या जातींची तुलना करताना हा फरक विसरू नये.

दुधाळ रक्तरस यंत्रालाही फसवतो

खाल्लेल्या माशाचं रक्त सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवलं की वर येणारा रक्तरस पुष्कळदा गढूळ, दुधाळ दिसतो. तो चरबीचा असतो. अशा नमुन्यात खाद्यामुळे खरोखर बदललेले आकडे तर असतातच, शिवाय मोजणीच्या चुकाही येतात.

प्रकाश शोषून मोजणाऱ्या चाचण्यांत चरबीचे कण प्रकाश विखुरतात, त्यामुळे बिलिरुबिनसारखे घटक चुकीचे दिसू शकतात. हाती धरायच्या रिफ्रॅक्टोमीटरवर एकूण प्रथिनं मोजत असाल, तर चरबीमुळे आकडा फुगतो. सोडियम मोजणाऱ्या काही यंत्रांत नमुना आधी पातळ केला जातो. तिथे चरबीने व्यापलेली जागा हिशोबात येत नाही आणि सोडियम खरं असतं त्यापेक्षा कमी दिसतं.

म्हणून रक्तरस वेगळा केल्यावर तो डोळ्यांनी पाहायचा आणि 'स्वच्छ', 'किंचित गढूळ', 'दुधाळ' किंवा 'लालसर' यांपैकी एक शब्द वहीत लिहायचा. लालसर म्हणजे तांबड्या पेशी फुटल्या. त्यात पोटॅशियम आणि एएसटीसारखी विकरं पेशींतून बाहेर येतात, आणि त्याचा उपवासाशी संबंध नसतो. दुधाळपणा दिसला तर उपवास कमी पडला असावा, अशी पहिली शंका घ्यावी.

एक अपवाद मात्र लक्षात ठेवा. अंडी भरत असलेल्या मादीच्या रक्तात पिवळ्या बलकाचं पूर्वद्रव्य फिरत असतं. ते कॅल्शियम आणि चरबी सोबत घेऊन जातं, त्यामुळे अशा मादीचं कॅल्शियम, प्रथिनं आणि ट्रायग्लिसराइड उपाशी ठेवूनही वरच राहतं. भारतीय कार्पचा प्रजननाचा हंगाम पावसाळ्याचा आहे. मे ते ऑगस्टच्या दरम्यान प्रौढ माशांचे नमुने घेत असाल, तर नर आणि मादी वेगळे ठेवल्याशिवाय निष्कर्ष काढू नका.

जास्त उपाशी ठेवणंही चुकीचंच

'चोवीस तास चांगले, तर बहात्तर तास अधिक चांगले' असं समजून काही जण टाकीत मासे दिवसेंदिवस उपाशी ठेवतात. थंड रक्ताच्या प्राण्याला दोन दिवसांचा उपवास फारसा जाणवत नाही, हे खरं. युरोपियन बाम तर हजारो किलोमीटरचा अटलांटिक प्रवास काही न खाता करते. पण तग धरणं वेगळं आणि रक्तातले घटक जसेच्या तसे राहणं वेगळं.

उपवास लांबला की मासा यकृतातलं ग्लायकोजेन, नंतर चरबी आणि शेवटी स्नायूंतली प्रथिनं वापरायला काढतो. हे किती दिवसांत होतं ते जातीवर अवलंबून आहे. सायप्रिनस यकृतातलं ग्लायकोजेन दीर्घ काळ राखून ठेवतो, इतर काही माशांचं ते लवकर उतरतं. गंमत अशी की या काळात रक्तातलं ग्लुकोज पुष्कळदा बऱ्यापैकी स्थिर दिसतं, कारण यकृत अमिनो आम्लांपासून नवं ग्लुकोज बनवत राहतं. म्हणून एकट्या ग्लुकोजवरून माशाची पोषणस्थिती ठरवू नये. ट्रायग्लिसराइड, एकूण प्रथिनं आणि शरीराच्या तुलनेत यकृताचं वजन यांतून उपासमारीची चाहूल जास्त चांगली लागते.

ताण मोजणाऱ्यांनी तर याकडे जास्त लक्ष द्यायला हवं. बार्टन, श्रेक आणि फाउलर यांनी १९८८ मध्ये चिनूक सामनच्या पिल्लांवर केलेल्या अभ्यासात उपाशी माशांचं ग्लुकोज ताणानंतर खाल्लेल्या माशांइतकं चढलं नाही. साठाच कमी असेल, तर ताणाच्या वेळी बाहेर काढायला ग्लुकोज येणार कुठून? त्यामुळे एका गटाला जास्त दिवस उपाशी ठेवून त्याची तुलना खात्या गटाशी केली, तर उपाशी गट 'कमी ताणलेला' वाटेल. तो तसा असेलच असं नाही.

मग किती तास?

तीन गोष्टींवर ठरतं: पाण्याचं तापमान, माशाचा आकार आणि खाद्याचा प्रकार.

तापमान सगळ्यात महत्त्वाचं. पाणी दहा अंशांनी थंड झालं की पचनाचा वेग ढोबळमानाने निम्म्यावर येतो. उन्हाळ्यात २८ ते ३० अंशांच्या पाण्यात रोहू किंवा तिलापियाचं आतडं जितक्या वेळात रिकामं होतं, त्याच्या दुपटीच्या आसपास वेळ त्याला हिवाळ्यात १८-२० अंशांच्या पाण्यात लागेल. महाराष्ट्रात मे महिन्यात आणि जानेवारीत एकाच तळ्यातून नमुने घेणाऱ्याने दोन्ही वेळा 'चोवीस तास' लिहिलं, तरी ते दोन वेगळे उपवास असतात.

लहान माशांचा चयापचय वजनाच्या मानाने जलद असतो. बोटुकली मोठ्या माशापेक्षा लवकर रिकामी होते आणि लवकर खालावतेही. खाद्यात तेल जास्त असेल किंवा कण मोठा, घट्ट दाबलेला असेल, तर पचनाला वेळ लागतो.

या सगळ्याचा विचार करून सुरुवातीला धरायला सोयीचे आकडे असे:

• २६ ते ३० अंशांच्या पाण्यात, पाच-दहा ग्रॅमच्या बोटुकलीसाठी सुमारे १२ तास.
• त्याच पाण्यात, १०० ग्रॅमपासून पुढच्या कार्प, तिलापिया किंवा पंगासियससाठी १८ ते २४ तास.
• हिवाळ्यात २० अंशांच्या आसपासच्या पाण्यात २४ ते ३६ तास.
• १० ते १२ अंशांच्या थंड पाण्यातल्या ट्राउटसाठी सुमारे ४८ तास.

हे आकडे केवळ सुरुवातीसाठी आहेत. ते तुमच्या माशांना लागू पडतात की नाही, हे तपासायचं साधन तुमच्याजवळच आहे. मुख्य नमुन्यांच्या आठवडाभर आधी त्याच गटातले काही मासे त्याच पद्धतीने उपाशी ठेवा. टाकीच्या तळाशी विष्ठेच्या दोऱ्या पडायच्या कधी थांबल्या, ते पाहा. दोन-तीन मासे उघडून आतडं खरंच रिकामं आहे का, ते बघा. पित्ताशयही सांगतं: खाल्लेल्या माशाचं पित्त आतड्यात उतरलेलं असतं, म्हणून पिशवी लहान आणि फिकी दिसते, उपाशी माशाची पिशवी भरलेली, गडद हिरवी दिसते. प्रयोगासाठी मासे मारायला परवानगी घेतलेली असेल, तर ही तपासणी त्याच परवानगीत आधीच नमूद करून ठेवा.

तळ्यातला मासा खरंच उपाशी असतो का?

खाद्य बंद केलं म्हणजे उपवास सुरू झाला, हा समज टाकीतही अर्धवटच खरा असतो आणि तळ्यात तर सपशेल चुकतो. हिरव्या पाण्याच्या तळ्यात कटला आणि चंदेरा दिवसभर प्लवंग गाळून खात असतात. मृगळ तळाचा गाळ ढवळत असतो, गवत्याला काठाची वनस्पती पुरते, सायप्रिनसला चिखलातल्या अळ्या मिळतात. शेततळ्याचा मालक 'कालपासून कोंडा-पेंड टाकलेली नाही' असं प्रामाणिकपणे सांगतो, आणि मासा मात्र पोटभर असतो.

यावर उपाय म्हणजे मासे स्वच्छ पाण्यात हलवणं. मत्स्यबीज विकणारे हे चांगलं जाणतात: मत्स्यबोटुकली ऑक्सिजनच्या पिशवीत भरण्याआधी ते तिला हाप्यात उपाशी ठेवतात, म्हणजे वाटेत पिशवीतलं पाणी विष्ठेने आणि अमोनियाने बिघडत नाही. रक्तासाठी मात्र हापा त्याच हिरव्या तळ्यात बांधून भागत नाही, कारण जाळीतून प्लवंग आत येतच राहतो. बोअरचं पाणी निवळून आणि हवा देऊन भरलेली स्वच्छ टाकी त्यापेक्षा चांगली. हलवण्याचा ताण मात्र नवा बसतो. म्हणून मासे टाकीत आणल्यावर आधी काही दिवस नेहमीचं खाद्य देऊन स्थिरावू द्यावेत आणि मग उपवासाची वेळ मोजायला सुरुवात करावी.

टाकीतही तीन गोष्टी करा. शेवटचं खाद्य दिल्यावर तासाभराने उरलेलं खाद्य सायफनने काढून टाका. ते राहिलं तर मासे रात्री खातात आणि उपवासाची वेळ तुमच्या वहीपेक्षा उशिरा सुरू होते. टाकीच्या भिंतींवर शेवाळाचा थर असेल, तर तो आधीच घासून काढा, कारण रोहू आणि तिलापिया तो कुरतडत राहतात. तळातली विष्ठाही वेळोवेळी काढत राहा.

उपाशी तिलापियांत भांडणं वाढतात आणि मागूरची मोठी पिल्लं लहानांवर तुटून पडतात. अशा वेळी आकाराप्रमाणे मासे वेगळे ठेवले नाहीत, तर चावे, जखमा आणि त्यातून येणारा ताण उपवासाच्या फायद्यावर पाणी फिरवतो.

नमुन्याच्या दिवशीचं वेळापत्रक

बहुतेक चुका इथे होतात. समजा, बारा टाक्या आहेत. सगळ्यांना आदल्या दिवशी सकाळी आठला शेवटचं खाद्य दिलं आणि दुसऱ्या दिवशी आठला रक्त घ्यायला सुरुवात केली. पहिली टाकी २४ तासांच्या उपवासानंतर येते. शेवटची टाकी दुपारी तीनला येत असेल, तर तिचा उपवास ३१ तासांचा झालेला असतो. त्यात सकाळ-दुपारचा दैनंदिन चढउतारही मिसळतो. नियंत्रण गटाच्या टाक्या आधी आणि प्रयोगगटाच्या नंतर घेतल्या असतील, तर उपवासाचा आणि वेळेचा परिणाम प्रयोगाचा परिणाम म्हणून छापला जाऊ शकतो.

उपाय सोपा आहे. ज्या क्रमाने आणि ज्या अंतराने रक्त घेणार, त्याच क्रमाने आणि त्याच अंतराने शेवटचं खाद्य द्या. टाक्यांचा क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवा, म्हणजे कोणताही एक गट फक्त सकाळी किंवा फक्त दुपारी येणार नाही. काम दोन दिवसांत विभागावं लागलं, तर प्रत्येक दिवशी सगळ्या गटांच्या टाक्या असू द्या.

मासा पकडला की घड्याळ सुरू होतं. कॉर्टिसोल काही मिनिटांतच चढू लागतं, ग्लुकोज त्याच्या मागून, आणि धडपडीने लॅक्टेट वाढतं. ताणाची मूळ पातळी हवी असेल, तर पकडण्यापासून सुई लागेपर्यंत साधारण तीन मिनिटांच्या आत काम झालं पाहिजे. तेवढं शक्य नसेल, तर टाकीतले सगळे मासे एकाच वेळी भुलीच्या द्रावणात घ्या. एकेक मासा जाळ्याने पकडून बाकीच्यांना घाबरवत राहू नका. लवंगतेल पाण्यात सहज मिसळत नाही, म्हणून ते आधी इथेनॉलमध्ये विरघळवून घ्यावं. एमएस-२२२ वापरत असाल, तर ते पाणी आम्लधर्मी करतं, म्हणून खाण्याच्या सोड्याने सामू जागेवर आणावा. आम्ल पाण्याचा ताण वेगळाच आकडा देतो.

उपवासाचा इथे आणखी एक फायदा होतो. खाल्लेल्या माशाला पचनासाठी जास्त ऑक्सिजन लागतो, त्यामुळे भुलीच्या टबात तो लवकर गुदमरतो. जठर असलेले मासे भुलीत खाद्य ओकतात आणि ते कल्ल्यांत अडकतं. शिवाय टबातलं पाणी विष्ठेने लवकर घाण होतं. म्हणजे रक्ताच्या आकड्यांइतकाच हा माशाच्या सुखरूपपणाचाही प्रश्न आहे.

रक्त शेपटीच्या शिरेतून, गुदपराच्या मागे, कण्याच्या खालून घेतात. माशाच्या शरीरात वजनाच्या साधारण ३ ते ५ टक्के रक्त असतं, म्हणजे अर्ध्या किलोच्या रोहूत १५ ते २५ मिलीलीटर. बहुतेक जैवरासायनिक चाचण्यांना एक मिलीलीटर पुरतं. त्यापेक्षा जास्त घेण्याचा मोह टाळावा. रक्त गोठू नये म्हणून काय वापरता, त्यावरही निकाल बदलतो. ईडीटीए कॅल्शियम पकडून ठेवतं आणि अल्कलाइन फॉस्फेटेजला मंद करतं. सायप्रिनसच्या रक्तात ते तांबड्या पेशीही फोडतं, म्हणून कार्पसाठी हेपॅरिन बरं. सोडियम मोजायचं असेल तर लिथियम हेपॅरिन घ्या, आणि अमोनिया मोजायचा असेल तर अमोनियम हेपॅरिन अजिबात नको. माशाच्या तांबड्या पेशींना केंद्रक असतो आणि त्या नळीतही ग्लुकोज वापरत राहतात. नमुने बर्फावर ठेवून शक्य तितक्या लवकर रक्तरस वेगळा करावा. अमोनियाची चाचणी तर लगेच करावी.

तळ्यावर ग्लुकोज मोजायला माणसांसाठीचं ग्लुकोमीटर सोयीचं पडतं, पण माशाच्या रक्तात ते बहुतेक वेळा प्रयोगशाळेपेक्षा कमी आकडा दाखवतं. त्याच माशांत आपापसात तुलना करायला ते ठीक. छापील आकड्यांशी तुलना करायची असेल, तर आधी काही नमुने दोन्ही पद्धतींनी मोजून फरक किती पडतो ते ठरवून घ्या.

आजारी मासा स्वतःच उपाशी असतो

रोगनिदानात हा मुद्दा सगळ्यात जास्त चुकतो. आजारी मासा पहिल्यांदा खाणं सोडतो. आठवडाभर न खाल्लेल्या माशाचं ट्रायग्लिसराइड आणि एकूण प्रथिनं कमी आली, तर ते जंतूमुळे की उपासमारीमुळे? त्याच तळ्यातल्या कालपर्यंत पोटभर खाणाऱ्या निरोगी माशाशी तुलना करून हे कळत नाही.

अशा वेळी तुलनेसाठी दोन गट हवेत: नेहमीच्या खाद्यावरचे निरोगी मासे, आणि आजारी मासे जितके दिवस खात नाहीत तितकेच दिवस उपाशी ठेवलेले निरोगी मासे. आजारी माशाचा आकडा दुसऱ्या गटासारखाच असेल, तर तो बदल मुख्यत्वे उपवासाचा. त्याहूनही वेगळा असेल, तर रोगाचा शोध त्या दिशेने करावा. प्रयोगातही हेच लागू पडतं. एखाद्या औषधाने किंवा विषारी द्रव्याने माशांची भूक कमी होत असेल, तर रक्तातल्या बदलाचा किती भाग द्रव्याचा आणि किती भाग न खाण्याचा, हे ओळखायला दुसऱ्या एका गटाला तितकंच कमी खाद्य द्यावं लागतं.

टाकीत सगळे मासे सारखे खातात असंही नाही. दांडगे मासे जास्त खातात आणि दबलेले मासे उपाशी राहतात. म्हणून एकाच टाकीतल्या माशांच्या आकड्यांत मोठी तफावत दिसली, तर लगेच यंत्रावर दोष ढकलू नका. खाद्य देताना कोण खातं आणि कोण मागे राहतं, ते आधी पाहा.

उपाशी ठेवू नये तेव्हा

प्रश्नच खाल्ल्यानंतरच्या बदलाचा असेल, तर उपवास उत्तराचाच नाश करतो. नव्या खाद्यातलं पिष्ट मासा किती चांगला वापरतो, माशाच्या पिठाऐवजी सोयाबीन दिल्यावर अमोनिया किती वाढतो, हे पाहायचं असेल तर खाद्य देण्याआधी एक आणि नंतर दोन, चार, आठ, बारा आणि चोवीस तासांनी असे नमुने घ्या. प्रत्येक वेळी वेगळे मासे वापरा. त्याच माशाला वारंवार टोचलं, तर शेवटचे आकडे ताणाचे असतील.

रोगाची साथ जोरात असताना मासे मरत असतील, तर चोवीस तास वाट पाहण्यात अर्थ नाही. आहे त्या अवस्थेत रक्त घ्या, फक्त शेवटचं खाद्य कधी आणि किती दिलं ते विचारून लिहा. खाल्लेल्या माशाचा नीट नोंदवलेला नमुना हा उपाशी माशाच्या नोंद नसलेल्या नमुन्यापेक्षा कितीतरी उपयोगी असतो.

वहीत काय लिहायचं?

प्रत्येक नमुन्यासोबत एवढ्या नोंदी असाव्यात:

१. शेवटचं खाद्य कोणतं, किती आणि कोणत्या तारखेला किती वाजता दिलं. उरलेलं खाद्य कधी काढलं.
२. उपवासाच्या काळातलं पाण्याचं सगळ्यात कमी आणि सगळ्यात जास्त तापमान.
३. मासे त्या काळात कुठे होते: तळं, हापा की स्वच्छ टाकी, आणि पाणी हिरवं होतं का.
४. माशाची जात, वजन, लिंग आणि अंडी भरण्याची अवस्था.
५. रक्त घेतल्याची वेळ, पकडण्यापासून सुईपर्यंत गेलेली मिनिटं, भूल आणि गोठणरोधक कोणतं.
६. रक्तरसाचा रंग आणि स्वच्छपणा.
७. माशाचं आतडं आणि पित्ताशय तपासलं असेल, तर काय दिसलं.

प्रबंध किंवा शोधनिबंध लिहिताना 'मासे चोवीस तास उपाशी ठेवले' या एका वाक्यावर थांबू नका. तापमान आणि शेवटच्या खाद्याची वेळ त्याच वाक्यात द्या, म्हणजे दुसऱ्या कुणाला तुमचे आकडे आपल्या माशांशी ताडून पाहता येतील. नव्या टाकीत, नव्या हंगामात किंवा नव्या जातीवर काम सुरू करताना आधी काही मासे उपाशी ठेवून त्यांचं आतडं कधी रिकामं होतं ते पाहा, आणि मुख्य नमुन्यांचं वेळापत्रक त्यानंतरच ठरवा.